हनोई-सायगॉनमधलं फ्रेंच-व्हिएतनामी जेवण: काय मागवावं आणि पैसे कुठे घालवू नयेत

सदाफुली:
मुंबईहून हनोई आणि सायगॉनला (आताचं हो चि मिन्ह सिटी) थेट विमानं सुरू झाल्यापासून ओळखीतलं कोणी ना कोणी व्हिएतनामला निघालेलंच असतं. परत आल्यावर हमखास ऐकू येतं की एका संध्याकाळी फ्रेंच-व्हिएतनामी फ्यूजनला गेलो, जागा सुंदर होती, जेवण ठीकठाक आणि बिल मात्र सणसणीत. मला ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण या दोघांचं जे एकत्र शिजलंय ते फार चविष्ट आहे, फक्त आपण मेनूच्या चुकीच्या पानावर बोट ठेवतो. नवऱ्याच्या कामामुळे हनोईत राहणं झालं, सायगॉनला बरंच जाणंयेणं होतं, त्या जोरावर लिहितेय. बाकीच्यांनी भर घाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे जेवण कुठल्या शेफने दोन देश जोडायचे ठरवून बनवलेलं नाही. फ्रेंचांनी 1859 मध्ये सायगॉन घेतलं, 1887 मध्ये इंडोचायना नावाची वसाहत उभी केली आणि 1954 मध्ये दिएन बिएन फूला हरून निघाले. या काळात गहू, लोणी, डबाबंद दूध, कॉफी, बटाटे, गाजर, शतावरीचे डबे हे सगळं आधी साहेबाच्या टेबलासाठी आलं. ते शिजवणारे हात मात्र व्हिएतनामी आणि चिनी होते. त्यांनी ते घरी नेलं, आणि घरी लोणी नव्हतं तर नारळाचं दूध घातलं, वाईन नव्हती तर नारळपाणी घातलं, आणि मीठ म्हणून नुओक माम, म्हणजे मिठात महिनोन्महिने मुरवलेल्या मासळीचं पाणी. अशा तडजोडीतून जे पदार्थ तयार झाले ते आज तिथल्या आज्या करतात आणि त्यांना कोणी फ्यूजन म्हणत नाही.

त्यामुळे हनोईत ऑपेरा हाऊसच्या आसपास (ती इमारत 1911 ची) पिवळ्या भिंती आणि हिरव्या खिडक्यांचे जे जुने बंगले आहेत, त्यातल्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसलात तर मेनूत दोन जातीचे पदार्थ दिसतील. एक म्हणजे मूळ फ्रेंच पदार्थ आणि वर गवती चहाचा फेस किंवा आल्याचं सॉस. दुसरे ते जुने घरगुती. दुसरे मागवा.

उदाहरण देते. आम्ही बीफ-पोर्क खात नाही, बदक खातो. एका बंगल्यात 'वित नाऊ काम' मागवलं, म्हणजे संत्र्यातलं बदक. फ्रेंच पद्धतीत बदक भाजून सॉस वर ओततात, इथे ते संत्र्याच्या रसातच मंद शिजवलं होतं, सोबत लसूण, चक्रीफूल आणि नुओक माम. बदकाचा तुकडा काट्याने नुसता ढकलला तरी हाडावरून सुटत होता, रस्सा पातळ, वर तेलाचे केशरी ठिपके, आणि बशीत गरम बगेत म्हणजे लांब फ्रेंच पाव. पहिल्या घासाला आंबटगोड लागतं आणि मग मागून मासळीचा खारटपणा येतो, तो नसता तर तो रस्सा निव्वळ सरबत झाला असता. पाव मोडून बुडवून खायचा. शेजारच्या टेबलावर एक व्हिएतनामी कुटुंब तेच खात होतं, आणि मला वाटतं हीच सगळ्यात चांगली खूण, म्हणजे स्थानिक माणसं काय मागवताहेत ते बघायचं.

आणखी नावं: सूप मांग कुआ (खेकडा आणि पांढरी शतावरी, अंड्याचे धागे सोडलेलं दाट सूप, लग्नाच्या जेवणात असतंच), बो लुक लाक (बीफ खात असाल तर, मोठ्या आचेवर परतलेले चौकोनी तुकडे, लिंबू-मीठ-मिरीत बुडवून), बान फ्लान म्हणजे क्रेम कारामेल, पण कंडेन्स्ड मिल्कचं आणि वरून काळी कॉफी. आणि का री गा, म्हणजे कोंबडीची करी. त्यावर वेगळं लिहीन.

रानवारा:
मस्त धागा. आम्ही सायगॉनमध्ये अगदी त्या फेसाच्या जाळ्यात सापडलो होतो, नाव लिहीत नाही. पाच कोर्सचं सेट मेनू घेतलं, प्रत्येक प्लेटमध्ये मध्यभागी चार घास आणि शेवटी पोट रिकामं. एक सांगतो, मेनूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतील तर सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स वेगळा लागतो हे लक्षात ठेवा, आम्हाला ते बिल आल्यावर कळलं. साध्या हॉटेलात टेबलावर जो पाकिटातला ओला थंड रुमाल ठेवतात तोही फुकट नसतो, अगदी किरकोळ रक्कम असते पण बिलात लागते. एक लाख डोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये धरा, शून्यांनी डोकं गरगरतं सुरुवातीला.

बाकी दुपारचं सेट लंच त्याच जागांमध्ये बरंच स्वस्त पडतं, तेव्हा बंगला बघायचा असेल तर दुपारी जा.

शेपूप्रेमी:
सदाफुली, छान लिहिलंय. माझा प्रश्न तोच जो सगळ्यांचा असतो. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं पण मासळीचा वाससुद्धा नको. फेब्रुवारीत जायचंय. तुम्ही म्हणता सगळ्यात नुओक माम, मग त्यांनी काय खायचं? नुसता पाव आणि फळं खाऊन आठवडा काढायला लावायचा नाहीये मला त्यांना.

सदाफुली:
शेपूप्रेमी, अजिबात काळजी करू नका, पण फ्रेंच-व्हिएतनामी बंगल्यात त्यांना नेऊ नका, किंवा नेलंत तर फक्त कॉफी आणि फ्लानसाठी. तिथे "व्हेज" म्हटलं की भाज्या येतात आणि सॉस तोच मासळीचा असतो, सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याच्या लेखी ते मीठच आहे.

त्यांना 'चाय' (म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) असा बोर्ड असलेल्या जागी न्या. बौद्ध शाकाहारी जेवण, प्रत्येक गावात मिळतं, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला कितीतरी लोक मांस सोडतात त्यामुळे त्या दिवशी साध्या हॉटेलातही जास्त पर्याय असतात. तारखा बघून ठेवा, आपल्याकडे कालनिर्णय आहेच. तिथे नुओक माम सुद्धा शाकाहारी असतं. आणि मजा म्हणजे हे सगळे फ्रेंच वळणाचे पदार्थ तिथे शाकाहारी रूपात मिळतात, बो खो चाय म्हणजे गाजर, मशरूम, सोयाची पापडी घातलेला लाल रस्सा आणि पाव, का री चाय म्हणजे रताळं, टोफू आणि नारळाच्या दुधाची करी आणि परत पाव. माझ्या आईने का री चाय इतकी आवडीने खाल्ली की रोज तीच मागायची.

नाश्त्याला बान मी ओप ला, म्हणजे तव्यावरची अंडी आणि पाव. हॅम आणि पाते नको हे आधी सांगा, पाते म्हणजे डुकराच्या काळजाचं. नाहीतर पावात त्रिकोणी चीज भरून मागा, ते लाल गायीच्या चित्राचं फ्रेंच चीज तिथे गल्लीगल्लीत मिळतं. अंडंही न खाणाऱ्यांसाठी सांगून ठेवते, बान मीला, म्हणजे भरलेल्या पावाला, जे पिवळं बटर फासतात ते बहुतेक ठिकाणी अंड्याचा बलक आणि तेल घोटून केलेलं असतं. आणि नूडल्सवर कांद्याच्या पातीचं तेल घालतात ते बऱ्याचदा चरबीत केलेलं असतं, विचारा. फोनवर व्हिएतनामीत वाक्य लिहून घ्या: मासळीचं पाणी नको, चरबी नको. तोंडी बोलण्यापेक्षा ते बरं, सुरांच्या भाषेत आपला उच्चार चुकतोच.

शेपूप्रेमी:
खूप खूप आभार ताई, प्रिंट काढून ठेवते. शेपूवरून आठवलं, हनोईत शेपू घातलेला मासा मिळतो म्हणे?

सदाफुली:
हो, चा का. हळद आणि गलांगल (आल्यासारखं एक मूळ) लावलेला मासा टेबलावरच्या शेगडीवर तेलात, वर मूठभर नाही, टोपलीभर शेपू आणि कांद्याची पात, मग शेंगदाणे आणि तांदळाच्या शेवया. फ्रेंचांशी त्याचा संबंध जोडू नये पण तुमच्या नावाला जागून खाऊन याच.

तांबडीमाती:
चर्चा चांगली चाललीय, त्यात विरजण घालायचं नाहीये पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. पिवळे बंगले, सिल्कचे पडदे, 'इंडोचायना'च्या जुन्या दिवसांची आठवण असं जे वातावरण हे रेस्टॉरंटवाले विकतात ते दिवस तिथल्या बहुसंख्य माणसांसाठी कसे होते? मीठ, दारू आणि अफू या तिन्हींवर सरकारची मक्तेदारी होती. मेकाँगच्या खोऱ्यातून तांदूळ परदेशी जात होता. आणि 1944-45 मध्ये उत्तरेत, म्हणजे हनोईच्या आजूबाजूलाच, दुष्काळ पडला. वर राज्य फ्रेंचांचं, त्यावर जपानी सैन्य, तांदूळ जबरदस्तीने गोळा केला जात होता, काही शेतात ताग लावायला लावला होता. मेलेल्यांचा आकडा चार लाखांपासून वीस लाखांपर्यंत सांगितला जातो. बंगालच्या 1943 नंतर दोनच वर्षांनी. ज्या टेबलावर आपण पाच कोर्स खातो त्या टेबलावर तेव्हा कोण बसत होतं आणि दाराबाहेर कोण होतं हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. जेवू नका असं म्हणत नाही.

सदाफुली:
तांबडीमाती, बरं झालं लिहिलंत. अगदी पटतं. म्हणूनच मी त्या आज्यांचं श्रेय आज्यांना द्या म्हणतेय. हा पदार्थ साहेबाने शिकवला असं तिथे कोणी म्हटलं तर मला त्रास होतो. हनोईत एका शेजारीणबाईंनी मला सांगितलं होतं की त्यांच्या आईने दुष्काळात काय काय खाल्लं ते ती कधीच बोलली नाही, पण ताटात भाताचं शीत राहिलेलं तिला शेवटपर्यंत चालायचं नाही.

खलाशी:
बान मीवर कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो, जहाजावर असल्यामुळे सायगॉन बंदर बऱ्यापैकी माहितीचं आहे.

आधी पाव नुसता खायचे, सोबत वेगळ्या बशीत हॅम, पाते, लोणी, म्हणजे फ्रेंच पद्धतीने. 1954 मध्ये देशाचे दोन तुकडे झाले आणि आठ-दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली, त्यात पावाच्या धंद्यातली, हॅम-पात्याच्या धंद्यातली माणसंही होती. सायगॉनमध्ये लोकांना सकाळी घाई, बशी घेऊन बसायला वेळ नाही, मग सगळं पावाच्या पोटात भरून हातात द्यायला लागले. होआ मा नावाचं दुकान आहे, 1958 मध्ये हनोईकडच्या एका जोडप्याने सुरू केलं, अजून चालू आहे, काओ थांग रस्त्यावर गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या ठेंगण्या स्टुलांवर बसायचं. तिथे बान मी चाओ मिळतो: छोट्या काळ्या पॅनमध्ये अंडी, हॅम, सॉसेज, कांदा सगळं तडतडत येतं, वेगळा पाव, आणि गाजर-मुळ्याचं गोडसर आंबट लोणचं. सकाळीच जा, दुपारपर्यंत थांबत नाहीत.

आता आपल्या माणसाला हे समजायला सोपं आहे कारण आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला आणि आपण त्यात बटाटावडा घातला. चाल तीच, परक्याचा पाव आणि आत आपलं सगळं. फक्त एक फरक मला मोठा वाटतो. आपला पाव मऊच राहिला, त्यांनी बगेतला अजून हलका, आतून पोकळ आणि वरून कुरकुरीत केला, मोडला की शर्टावर पापुद्रे पडतात. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की त्यात तांदळाचं पीठ असतं म्हणून कुरकुरीत, पण मी ज्या बेकऱ्यांत डोकावलो तिथे निव्वळ मैदाच होता, भरपूर फुगवलेला. आणि हवा इतकी दमट की पाव दोन-तीन तासांत वातड होतो, म्हणून दिवसातून अनेकदा भाजतात. गाडीवर कोळशाची शेगडी असेल आणि पाव परत शेकून देत असतील तिथे घ्या.

निशिगंध७:
खलाशी, वाचूनच भूक लागली. माझ्या माहितीप्रमाणे फो, म्हणजे ते बीफचं शेवयांचं सूप, सुद्धा फ्रेंचांच्या पो-तो-फ या बीफच्या रश्श्यापासून आलाय, ते पण हाडं आणि भाज्या तासन् तास उकळतात आणि दोघांतही कांदा जाळून घालतात.

लंबक:
निशिगंध, ही गोष्ट फ्रेंच रेस्टॉरंटांच्या मेनूवर फार आवडीने छापलेली असते, पण सरळ इतकं नाही. फो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेत, हनोई आणि नाम दिन्ह भागात दिसायला लागला. त्याआधी म्हशीच्या मांसाची शेवयांची वाटी होती, कावडीवरून विकणारे फेरीवाले होते, त्यात चिनीही बरेच होते. गाईबैल शेतीचे, त्यामुळे कापायची पद्धत कमी. फ्रेंच आल्यावर त्यांना बीफ हवं झालं, चांगले भाग ते घेत आणि हाडं आणि उरलेले तुकडे स्वस्तात सुटत. ती हाडं फेरीवाल्यांच्या भांड्यात गेली. म्हणजे फ्रेंचांमुळे कच्चा माल आला हे खरं, पण पदार्थ त्यांचा नाही. जाळलेल्या कांद्याचं साम्य आहे खरं, पण फोमध्ये आलंही जाळतात, आणि चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलदोडा हे फ्रेंच भांड्यात कुठे असतात? हे आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात असतात.

निशिगंध७:
लंबक, मुद्दा मान्य, पण "कच्चा माल आला" हे लहान नाही ना. बीफ खाणारा गिऱ्हाईकच नसता तर हाडं कुठून आली असती. मला वाटतं उगम एका बाजूला ढकलायची गरज नाही.

लंबक:
बरोबर, तेच म्हणतोय. फक्त मेनूवर "फ्रेंच सूपचा आशियाई अवतार" असं वाचलं की मला राग येतो, नाम दिन्हच्या ज्या गावांनी पिढ्यानपिढ्या कावडी वाहिल्या त्यांचं नाव कुठेच नसतं.

रानवारा:
सदाफुली, का री गा बद्दल लिहिणार होतात.

सदाफुली:
हो, हे माझं सगळ्यात आवडतं आणि आपल्याशी खरं नातं असलेलं. फ्रेंच काळात पाँडिचेरी आणि कारैकलची तमिळ माणसं सायगॉनला गेली, कोणी सरकारी नोकर, कोणी पोलीस, कापडवाले, आणि सावकारी करणारे चेट्टियार. सायगॉनच्या मधोमध मारियम्मन देवीचं देऊळ आहे, गोपुरासकट, आजही व्हिएतनामी बायका तिथे उदबत्ती लावून नवस बोलतात. त्या माणसांबरोबर करीची पूड गेली. व्हिएतनामी लोकांनी त्यात गवती चहा, नारळाचं दूध, रताळं आणि कोंबडी घातली, आणि खायची कशाशी तर फ्रेंच पावाशी. म्हणजे तमिळ पूड, फ्रेंच पाव, मेकाँगचा नारळ, एका वाटीत. चव सौम्य, किंचित गोड, आपल्याला तिखट कमी वाटेल म्हणून मीठ-मिरी-लिंबाची वाटी मागून घ्या आणि कोंबडीचा तुकडा त्यात बुडवा.

हा पदार्थ महागड्या ठिकाणी क्वचित चांगला असतो. रस्सा आदल्या दिवशीचा असावा लागतो.

वाळवंटी_पारवा:
मी सध्या पाँडिचेरीत, त्यामुळे उलट बाजूने भर घालतो. इथली बरीच कुटुंबं सायगॉनला राहून आलेली आहेत, काहींनी तिथे लग्नं केली, काही 1954 नंतर आणि बाकीची 1975 च्या सुमारास परत आली. त्यांच्या घरी नाताळला, वाढदिवसाला 'चायो' तळतात, म्हणजे व्हिएतनामी चा ज्यो रोल, लेट्युस आणि पुदिन्यात गुंडाळून. माझ्या घरमालकीणबाई तमिळ बोलतात, फ्रेंच बोलतात आणि त्यांचं नुओक चाम, म्हणजे रोल बुडवायचं पातळ सॉस, इतकं नेमकं असतं, आधी कोमट पाण्यात साखर विरघळवणार, मग लिंबू, मग मासळीचं पाणी, आणि लसूण-मिरची सगळ्यात शेवटी म्हणजे ती वर तरंगते, बुडाली तर परत करायला लावतात सुनेला. गावात व्हिएतनामी खाणं मिळणारी छोटी ठिकाणंही आहेत. पुण्या-मुंबईहून व्हिएतनामचा खर्च जमत नसेल त्यांनी इथे या.

बे_एरियावाली_मनू:
आमच्याकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेमध्ये व्हिएतनामी लोकवस्ती इतकी मोठी आहे की व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात एवढी नाही. ऑफिसमधली निम्मी जेवणं त्यांच्याकडे. इथल्या फ्रेंच-व्हिएतनामीची गोष्ट वेगळी, ही बहुतेक माणसं 1975 नंतर, सायगॉन उत्तरेच्या सैन्याच्या हाती गेल्यावर, सगळं सोडून आलेली. सॅन फ्रान्सिस्कोत थान लाँग म्हणून रेस्टॉरंट आहे, अॅन कुटुंबाचं, 1971 पासून. हेलन अॅन या तिथल्या सूनबाई, सायगॉन पडल्यावर आल्या, लहानपणी घरात फ्रेंच, चिनी आणि व्हिएतनामी असे तिन्ही स्वयंपाक बघितलेले, आणि त्यांनी भाजलेल्या खेकड्याबरोबर गार्लिक नूडल्स काढल्या, भरपूर लसूण आणि बटर. रेसिपी घराबाहेर देत नाहीत, मुख्य किचनच्या आत कुलूपबंद वेगळं किचन आहे ज्यात फक्त कुटुंबातले जातात. आता बे एरियात प्रत्येक दुसऱ्या ठिकाणी त्याची नक्कल मिळते. आमच्याकडे मुलांच्या वाढदिवसाला हट्टाने याच मागवतात. मला मात्र वाटतं की खरं फ्यूजन म्हणायचं तर हे, कारण हे एका बाईने डोळसपणे रचलेलं आहे. सदाफुली म्हणतात तसं "ठरवून केलेलं ते कमी" असं सरसकट नको.

सदाफुली:
मनू, हे बरोबर. ज्याने दोन्ही जेवणं घरात खाल्लीत त्याने ठरवून केलं तर ते मुरलेलं असतं. सायगॉनमधलं आनान बघा, जुन्या बाजाराच्या गल्लीत आहे, पीटर कुओंग फ्रँकलिन हा तिथला शेफ दा लात या डोंगरावरच्या गावाकडचा, लहानपणी अमेरिकेला गेलेला, बँकेतली नोकरी सोडून फ्रेंच पद्धतीचं शिक्षण घेतलं आणि परत आला. त्याचा शंभर डॉलरचा बान मी खूप गाजला. मला तेवढे पैसे पावावर घालावेसे वाटत नाहीत पण तिथला बाकी मेनू मनापासून केलेला आहे. जून 2023 मध्ये मिशेलिन, म्हणजे रेस्टॉरंटांना स्टार देणारं फ्रेंच मार्गदर्शक, पहिल्यांदा व्हिएतनामला आलं तेव्हा चार ठिकाणांना स्टार मिळाले, सायगॉनमधलं हे एक आणि हनोईतली तीन. त्यातलं ताम वी हे अगदी घरगुती उत्तरी जेवणाचं आहे, लाकडी बाकं, भात, रस्सा, गोगलगाय, तळलेलं पोर्क. ना फेस, ना पडदे.

डॉक्टरकाका:
दा लातचं नाव निघालं म्हणून. तिथली जागा थंड हवेसाठी सुचवली ती अलेक्झांडर येर्सिन या डॉक्टरने, 1893 मध्ये तो त्या पठारावर पोचला होता. त्याच माणसाने पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला. आणि 1897 मध्ये मुंबईत प्लेग थैमान घालत होता तेव्हा तो आपलं प्लेगवरचं सीरम घेऊन मुंबईत आला होता, फारसं यश आलं नाही. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षापासून ज्याचं नाव जंतूच्या नावात घोकलं त्याच्यामुळे सायगॉनच्या ताटात स्ट्रॉबेरी, आर्टिचोक आणि लेट्युस येतंय हे मला तिथे गेल्यावर कळलं. दा लात साधारण दीड हजार मीटरवर आहे, फ्रेंचांना लागणाऱ्या भाज्या तिथेच लावल्या गेल्या. आर्टिचोकचा वाळवलेला चहा बाजारात पोत्याने मिळतो, जरूर आणा, जेवणानंतर चांगला.

शेपूप्रेमी:
किती काय काय कळतंय. कॉफीचं कोणीतरी लिहा ना, सासूबाई कॉफीवाल्या आहेत.

खलाशी:
कॉफी 1857 च्या सुमारास फ्रेंच पाद्र्यांनी आणली. आता ब्राझीलनंतर जगात दुसरा नंबर व्हिएतनामचा, आणि रोबस्टा या कडवट जातीत पहिला. म्हणून कडू आणि जाड, त्यात बऱ्याच ठिकाणी बिया बटर घालून भाजतात. ताजं दूध मिळायचं नाही, टिकायचं नाही, म्हणून डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क. पेल्यावर अॅल्युमिनियमची फिन नावाची चाळणी ठेवतात, वरून गरम पाणी, आणि थेंब थेंब पडत राहतं. घाईच्या माणसाने मागवू नये. खाली पांढरा थर, वर काळा, ढवळून बर्फात ओतायचं.

हनोईत अंड्याची कॉफी. मेट्रोपोल हे 1901 चं हॉटेल, तिथे काम करणाऱ्या ज्यांग नावाच्या माणसाने 1946 मध्ये, दुधाची टंचाई असताना, अंड्याचा बलक फेटून दुधाच्या साईसारखा वर घातला. त्याच्या नावाचं कॅफे ज्यांग अजून त्याचं कुटुंब चालवतं, अरुंद बोळातून आत जायचं. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात म्हणजे गार होत नाही. अंड्याचा वास येत नाही, सासूबाईंना चालेल.

पॅरिसकर:
उशिरा आलो. पॅरिसच्या तेराव्या विभागात राहतो, अव्हेन्यू द श्वाझी आणि आजूबाजूला सगळी व्हिएतनामी, कंबोडियन दुकानं. इथे फ्रेंच माणसाच्या तोंडी बो बुन (बीफ घातलेल्या शेवया) आणि नेम (तळलेले रोल) इतके बसलेत की शाळेच्या कॅन्टीनमध्येही कधी कधी असतात. म्हणजे प्रवास दोन्ही दिशांनी झालाय.

एक गोष्ट तांबडीमातींसाठी. दुसऱ्या महायुद्धात वीस हजार व्हिएतनामी मजूर फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणले होते, बरेचसे बळजबरीने. फ्रान्स हरल्यावर ते अडकून पडले. दक्षिणेत कामार्ग नावाचा दलदलीचा भाग आहे, तिथे 1941 पासून त्यांच्याकडून भातशेती करून घेतली, आणि ती यशस्वी झाली कारण भात कसा लावायचा हे त्यांना माहीत होतं. आज कामार्गचा तांदूळ इथे सुपरमार्केटात फ्रेंच विशेष म्हणून चढ्या भावाने विकला जातो. त्या मजुरांना मजुरी जवळजवळ मिळालीच नाही. सरकारी पातळीवर त्यांची दखल घ्यायला कितीतरी दशकं लागली, तोवर बहुतेक जण गेले होते.

तांबडीमाती:
पॅरिसकर, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. इतकी वर्षं तो तांदूळ नुसता पाकिटावर बघितलाय.

शेपूप्रेमी:
शेवटचं विचारते, आम्ही सहा जण, दोन शाकाहारी, दोन लहान मुलं, हनोईत एकच संध्याकाळ जरा नीट टेबलावर बसून जेवायचंय. काय करू?

सदाफुली:
मग असं करा. सहा वाजताच जा, तिथे लोक लवकर जेवतात आणि नऊनंतर बऱ्याच स्वयंपाकघरांत आवराआवर सुरू होते. आदल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनवरून फोन करायला लावा, त्यांना सांगा की दोघांसाठी मासळीचं पाणी न घालता का री चाय किंवा टोफू-टोमॅटो हवंय, आधी सांगितलं तर करतात, ऐन वेळी सांगितलं तर नुसत्या उकडलेल्या भाज्या येतात. बाकी चौघांत एक बदक, एक मासा, सूप मांग कुआ दोन वाट्या, ताटं वेगवेगळी घेऊ नका, सगळं मध्ये ठेवून वाटून खा. मुलांना पाव आणि लुक लाकबरोबर येणारे बटाट्याचे काप, ते वेगळेही मिळतात. पाव जास्तीचा सांगा, रश्श्याला पुरत नाही. फ्लान प्रत्येकी एक, वाटून खायला सांगू नका, भांडणं होतील. सासूबाईंच्या फ्लानवर कॉफी जास्त ओतायला सांगा. आणि फेब्रुवारीत तेतची म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाची सुट्टी कधी येते ते आधी तपासा, त्या आठवड्यात निम्मी हॉटेलं बंद असतात आणि जी चालू असतात ती जादा आकार लावतात.